कमी तापमानात इम्प्लांटवर काचेचा लेप: तयारी, क्रम आणि नेमकं चुकतं कुठे

प्रकल्पाचे दिवस आले की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. हाडात बसवायच्या इम्प्लांटचा नमुना म्हणून घेतलेली टायटॅनियमची छोटी चकती, तिच्यावर काचेच्या लेपाचा पांढुरका पापुद्रा, आणि पापुद्र्याला उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा. कधी नांदेडहून, कधी लातूरहून, कधी परभणीहून. सोबतचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, भट्टी किती अंशांवर ठेवू?"

भट्टीचा दोष क्वचितच असतो. चकती भट्टीत जाण्याआधीच लेप बिघडलेला असतो. भट्टी फक्त ते उघड करते. म्हणून हा लेख भट्टीपेक्षा तिच्या आधीच्या दोन दिवसांबद्दल जास्त आहे. मुख्य पद्धत सोल-जेल आणि डिप कोटिंगची: काचेचं कच्चं द्रावण, म्हणजे सोल, तयार करायचं, चकती त्यात बुडवून काढायची, आणि वर घट्ट झालेला जेलचा थर भाजून काच करायची. ज्या धातूला भट्टीत घालताच येत नाही, त्याच्यासाठी शेवटाकडे विद्युत-लेपनाची पद्धत दिली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे सगळं प्रयोगशाळेतल्या नमुन्यांसाठी आहे. इथे तयार झालेली वस्तू कोणाच्याही शरीरात जाणार नाही. माणसासाठीच्या इम्प्लांटला भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात आणि प्राण्यांवरच्या चाचणीला नीतिसमितीची परवानगी लागते.

## आधी हे ठरवा: "कमी" म्हणजे किती?

काच वितळवून लेप द्यायचा तर हजार अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जावं लागतं. टायटॅनियमची स्फटिकरचना ८८२ °से. ला बदलते, आणि त्या उष्णतेत काच टायटॅनियमशी भिडून सिलिसाइड व वायूचे बुडबुडे तयार करते. शिवाय ४५एस५ या प्रसिद्ध जैवकाचेचं (हाडाशी जुळणाऱ्या काचेचं) प्रसरण टायटॅनियमच्या दीडपटीहून जास्त. थंड होताना काच जास्त आकसते आणि तडकते.

सोल-जेलमध्ये काच वितळवायची नसते, द्रावणातून जमवायची असते. म्हणून ६०० °से. पुरतं. इथे मुलं दोन टोकं गाठतात. काही जण "अजून पक्का होईल" म्हणून ८००-९०० पर्यंत जातात. काच स्फटिक होऊ लागते आणि टायटॅनियमवर ऑक्साइडचा जाड, सुटणारा थर चढतो. दुसरे "कमी तापमान" हा शब्द फारच मनावर घेऊन ४०० वर थांबतात. तेव्हा लेपात कॅल्शियम नायट्रेट तसंच उरलेलं असतं. पेशींच्या चाचणीत ते विरघळून बाहेर येतं, पेशी मरतात, आणि दोष काचेवर येतो.

म्हणून या कृतीसाठी आकडा ६०० च. खाली नाही, वर नाही.

## टप्पा १: चकती तयार करणे

शुद्ध टायटॅनियम किंवा टायटॅनियम-६-अ‍ॅल्युमिनियम-४-व्हॅनेडियम मिश्रधातूचा पत्रा घ्या. ३१६एल स्टीलही चालतं. मात्र ६०० अंशांवर ते संवेदनशील होण्याच्या पट्ट्यात असतं. पुन्हापुन्हा भाजलं तर कणांच्या सीमांवर गंज धरण्याची शक्यता वाढते. स्टीलवर एकच थर द्या.

पत्रा वर्कशॉपमधून कापून आणलात तर त्यावर कटिंग ऑइल असतंच, डोळ्यांना दिसो वा न दिसो. कडांना बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार, असतो. बर असलेल्या कडेपाशी सोल साचतं, थर जाड होतो, आणि पहिली भेग तिथूनच निघते.

क्रम असा ठेवा:

१. कडा आणि कोपरे घासून गोल करा.
२. ३२०, ६००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यासोबत. प्रत्येक नंबरला दिशा ९० अंशांनी फिरवा. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरवर जाऊ नका.
३. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये अ‍ॅसिटोन, मग इथेनॉल, मग डिस्टिल्ड पाणी, प्रत्येकी १५ मिनिटं. हा क्रम उलटा करू नका. पाण्याने तेल निघत नाही.
४. यापुढे चकतीला बोट लावायचं नाही. प्लास्टिकचा चिमटा, तोही धुतलेला.

*तपासणी:* चकती डिस्टिल्ड पाण्यातून उभी बाहेर काढा. पाण्याची सलग पातळ फिल्म राहिली तर चकती स्वच्छ. पाणी थेंबाथेंबांत फुटलं तर तेल आहे, पुन्हा अ‍ॅसिटोनपासून. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि मला येणाऱ्या फोटोंतले निम्मे लेप तिथेच वाचले असते असं माझं ठाम मत आहे.

पकड आणखी वाढवायची असेल तर ५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० °से. ला २४ तास ठेवा, मग भरपूर धुवा. भांडं पॉलिप्रोपिलीनचं किंवा टेफ्लॉनचं घ्या, काचेचं नको. हे द्रावण काच खातं. आणि एक लक्षात ठेवा: अल्कली दिलेलं टायटॅनियम भाजलं की लेप नसतानाही त्यावर अ‍ॅपेटाइट, म्हणजे हाडातल्यासारखं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज, धरतं. याचं महत्त्व शेवटच्या टप्प्यात कळेल.

*सावधान:* जुन्या शोधनिबंधांत चकती हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवायला सांगितलेलं असतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, योग्य हातमोजे आणि प्रशिक्षित माणूस शेजारी नसेल तर त्या बाटलीला हात लावू नका. हे आम्ल कातडीतून आत जातं, आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. या कामाला त्याची गरजही नाही.

## टप्पा २: पाणी आणि नायट्रेट, आमच्याकडची दोन दुखणी

मराठवाड्यात बोअरचं पाणी जड. पाणीटंचाईत डिस्टिलेशनचा संच आधी बंद पडतो आणि मुलं आरओच्या पाण्यावर भागवतात. भागत नाही. आरओतून आलेला क्लोराइड आणि सोडियम थेट काचेच्या रचनेत जातो. पाणी कमी असेल तर चकत्यांची संख्या कमी करा, धुण्याचं पाणी कमी करू नका.

*तपासणी:* परीक्षानळीत थोडं पाणी, एक थेंब पातळ नायट्रिक आम्ल, दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट. पांढुरकं झालं तर ते पाणी या कामाचं नाही.

दुसरं दुखणं कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेटचं. हे मीठ साधारण ४२-४३ °से. ला स्वतःच्याच स्फटिकजलात वितळतं. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालच्या स्टोअर रूममध्ये एवढं तापमान सहज होतं. बाटली उघडली की वर पाक, खाली खडे, किंवा वितळून पुन्हा गोठलेला एकच गोळा. पावसाळ्यात उलट: झाकण सैल राहिलं की ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. दोन्ही वेळा तराजूवरचं वजन खोटं बोलतं, कारण तुम्ही मीठ नाही, पाणी मोजत असता.

बाटली फ्रिजमध्ये, झाकणाला पॅराफिल्म लावून ठेवा. उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार बाटलीत दव धरतं. बाटली जुनी असेल तर पुढची तपासणी चुकवू नका.

*तपासणी:* क्रुसिबलमध्ये नेमकं १.००० ग्रॅम मीठ घ्या, हळूहळू ९०० °से. पर्यंत न्या, दोन तास ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करून लगेच तोला. उरतो तो चुना, आणि तो ०.२३७ ग्रॅम यायला हवा. समजा ०.२२५ आला, तर मिठात पाणी जास्त आहे. पुढच्या कृतीत ८.५० ऐवजी ८.९५ ग्रॅम घ्या. लगेच तोला म्हणालो ते यासाठी, की ताजा चुना तोलतानासुद्धा हवेतला ओलावा पितो.

*सावधान:* तापताना तपकिरी वायू निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. भट्टीला एक्झॉस्ट नसेल तर हे करू नका. आणि नायट्रेट कागद, कापूस, अल्कोहोल यांच्याजवळ कधीच तापवू नका.

## टप्पा ३: सोल तयार करणे

रचना ५८एस घेऊ: मोलमध्ये सिलिका ६०, चुना ३६, फॉस्फरस पेंटॉक्साइड ४. सोडियम नसल्यामुळे सोल-जेलला ही सोपी. साधारण ८५ मिली सोलसाठी:

- टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, म्हणजे टीईओएस: १२.५० ग्रॅम (१३.४ मिली)
- ट्रायइथाइल फॉस्फेट: १.४६ ग्रॅम (१.३६ मिली)
- कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट: ८.५० ग्रॅम
- निर्जल इथेनॉल: ६० मिली
- डिस्टिल्ड पाणी: ८.४ मिली
- २ मोलर नायट्रिक आम्ल: १.४ मिली

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक फॉस्फेटची. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या एका रेणूत फॉस्फरसचे दोन अणू असतात, ट्रायइथाइल फॉस्फेटमध्ये एकच. ०.००४ मोल ऑक्साइडसाठी ०.००८ मोल फॉस्फेट लागतं. मुलं निम्मंच घेतात आणि मग ईडीएसमध्ये (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत) फॉस्फरस कमी का दिसतो ते शोधत बसतात. स्वतःच्या बॅचचं गणित करून पाहा: वरच्या मापांतून ६.१९ ग्रॅम काच मिळायला हवी, आणि वजनाने तिचं प्रमाण ५८, ३३, ९ यायला हवं. ५८एस हे नाव त्या पहिल्या आकड्यावरूनच.

आता क्रम. हा बदलायचा नाही.

१. कोरड्या, बंद होणाऱ्या भांड्यात इथेनॉल, पाणी आणि आम्ल. मॅग्नेटिक स्टिरर सुरू.
२. टीईओएस थेंबथेंब, दहा मिनिटांत. मग झाकून ६० मिनिटं ढवळा.
३. ट्रायइथाइल फॉस्फेट. ४५ मिनिटं.
४. कॅल्शियम नायट्रेट. पूर्ण विरघळून पुढे ६० मिनिटं.

सगळं एकदम टाकलं तरी द्रावण स्वच्छच दिसतं, म्हणून हा क्रम कोणाला महत्त्वाचा वाटत नाही. पण टीईओएसचं जलविघटन व्हायला वेळ लागतो. ते व्हायच्या आत मीठ पडलं तर सिलिकाचं जाळं एकीकडे आणि कॅल्शियम दुसरीकडे अशी फाळणी होते. वाळताना कॅल्शियम पृष्ठभागावर येऊन पांढरी भुकटी बसते.

*तपासणी (पायरी २ नंतर):* काचपट्टीवर डिस्टिल्ड पाण्याचा मोठा थेंब घ्या, त्यात सोलचा एक थेंब सोडा. मिसळून गेलं तर जलविघटन झालं. तेलकट बारीक थेंब किंवा दुधी ढग दिसला तर आणखी अर्धा तास ढवळा.

*सावधान:* टीईओएसची वाफ डोळ्यांना इजा करते. काम फ्यूम हूडमध्ये, चष्मा लावून. इथेनॉलची वाफ आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत पेट घेऊ शकते. बर्नर, उघडी हीटिंग कॉइल, ठिणगी टाकणारा जुना पंखा, काहीही जवळ नको.

## टप्पा ४: सोल मुरू देणे

झाकून, २५ °से. च्या आसपास, १२ ते २४ तास. उन्हाळ्यात खोली ३८-४० वर असेल तर सोल वेगाने घट्ट होतं. भांडं पाण्याच्या बादलीत ठेवा किंवा वेळ निम्मी करा. घड्याळापेक्षा पातळपणा पाहा.

*तपासणी:* ताजं सोल १० मिलीच्या पिपेटमधून मोकळं सोडा आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहा. रोज पाहा. हा वेळ पहिल्या दिवसापेक्षा एक तृतीयांशाने वाढला की ते सोल लेपासाठी संपलं. त्यात इथेनॉल घालून पातळ करू नका. जाळी जोडली गेलेली असतात. द्रावण पातळ दिसेल, पण लेप गाठाळ येईल.

उरलेलं सोल टाकू नका. उघडं ठेवून जेल होऊ द्या, वाळवा, ६०० अंशांवर भाजा. ती भुकटी विद्युत-लेपनाला लागेल.

लेपाच्या आधी ०.४५ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्या. उन्हाळी वाऱ्यात काळ्या मातीची धूळ बंद खिडकीतूनही येते, आणि लेपातला प्रत्येक कण म्हणजे एक तयार भेग.

## टप्पा ५: बुडवणे आणि काढणे

काढण्याचा वेग जाडी ठरवतो. वेग वाढला की थर जाड. दिवसभर, सगळ्या चकत्यांना वेग एकच हवा. हाताने काढलेल्या चकतीवर आडवे पट्टे येतातच, हात कितीही स्थिर असो.

वेग मिनिटाला ५ सेंटिमीटर ठेवा. बुडवल्यावर ३० सेकंद थांबा, मग काढा.

डिप कोटर नसेल तर उलटा विचार करा: चकती स्टँडला घट्ट अडकवा आणि सोलची पातळी खाली न्या. बुडाला नळी असलेलं भांडं आणि एक सिरिंज पंप पुरतो. चकती हलतच नाही, त्यामुळे पट्टे कमी येतात. सगळी मांडणी जाड शहाबादी फरशीवर ठेवा आणि फरशीखाली रबर घाला. त्याच टेबलावर स्टिरर किंवा अल्ट्रासॉनिक बाथ चालू नको. पंखा बंद.

ऋतूचं भान ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडीठाक असते, थर वरून झपाट्याने सुकतो आणि आत ओला राहतो. भर पावसाळ्यात थर धुरकट, दुधी होतो. मी हे काम सकाळी सहा ते नऊमध्येच करायला सांगतो. दुपारीच करायचं असेल तर पारदर्शक बंद डब्यात, तळाशी इथेनॉलची छोटी वाटी ठेवून.

## टप्पा ६: वाळवणे, आणि हाच खरा टप्पा

काळ्या जमिनीला भेगा का पडतात ते आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. पाणी जातं, माती आकसते, पण खालची घट्ट माती तिला आकसू देत नाही. ताण वाढतो आणि जमीन फाटते. पुराने आणलेला गाळाचा पातळ थर मात्र खडकाला धरून राहतो. लेपाचंही हेच. जेल सर्व बाजूंनी आकसायला बघतं, धातू त्याला धरून ठेवतो. थर एका मर्यादेपेक्षा जाड झाला की तो फाटणारच, मग तुम्ही कितीही हळू तापवा. या प्रकारच्या लेपात ती मर्यादा अर्ध्या ते एक मायक्रोमीटरच्या आसपास येते. म्हणून एका थरात अर्ध्या मायक्रोमीटरच्या खालीच राहायचं.

"पी हळद आणि हो गोरी" इथे चालत नाही. क्रम:

१. काढल्यावर चकती त्याच बंद डब्यात ३० मिनिटं, उभी.
२. ओव्हनमध्ये ६० °से., १२ तास. डिशवर झाकण, एक बारीक फट.
३. १२० °से., २ तास.

हेअर ड्रायर, हॉट प्लेट, ऊन, यातलं काहीही नाही.

*तपासणी:* १० पट भिंगाने तिरप्या उजेडात पाहा. भेग आत्ताच दिसत असेल तर चकती भट्टीत घालू नका. भाजल्यावर ती भरून येणार नाही, रुंद होईल. आधी कडा पाहा, मग खालची कड, कारण सोल तिथे साचतं. भेगा फक्त खालच्या कडेला असतील तर काढताना शेवटचा थेंब फिल्टर पेपरच्या टोकाने टिपून घ्या. सगळीकडे असतील तर सोलमध्ये इथेनॉल जास्त घेऊन नवी बॅच करा.

जाडी मोजायला उपकरण नसेल तर वजन करा. दोन बाय दोन सेंटिमीटरच्या चकतीच्या दोन्ही बाजू मिळून ८ चौरस सेंटिमीटर. भाजलेल्या लेपाची घनता २.२ धरली तर अर्ध्या मायक्रोमीटरला सुमारे ०.९ मिलिग्रॅम. पाच दशांशी तराजू लागेल. भट्टीत टायटॅनियमही ऑक्सिजन घेऊन जड होतं, म्हणून सोबत एक कोरी चकती भाजा आणि तिची वाढ वजा करा.

## टप्पा ७: भाजणे

- खोलीच्या तापमानापासून ३०० °से. पर्यंत: मिनिटाला १ अंश
- ३०० ते ६०० °से.: मिनिटाला २ अंश
- ६०० °से. ला: २ तास
- थंड होणं: भट्टी बंद, दार बंद, १०० च्या खाली येईपर्यंत

हिशेब करा: साडेचार तास, अडीच तास, दोन तास. नऊ तास झाले, आणि वर थंड होण्याची रात्र. सुरू करण्याआधी तुमच्या फीडरच्या भारनियमनाचं वेळापत्रक बघा. वीज गेली आणि आली तर कंट्रोलर काय करतो हेही आधीच पाहून ठेवा: काही जिथे थांबले तिथून पुढे जातात, काही पहिल्यापासून सुरू करतात, काही थेट अंतिम तापमानाकडे झेप घेतात. शेवटचा प्रकार तुमच्याकडे असेल तर रात्री एकट्या भट्टीवर विसंबू नका.

*तपासणी:* भट्टीचं मीटर काय दाखवतं ते नाही, चकतीपाशी काय आहे ते मोजा. के-टाइप थर्मोकपल चकतीला लागून ठेवा आणि एकदा कोरी फेरी घ्या. जुन्या मफल भट्टीत दाराजवळ आणि मागच्या भिंतीजवळ बराच फरक असतो. जिथे ६०० मिळतं ती जागा ठरवून खडूने खूण करा.

दुसरा थर हवा असेल तर पहिला भाजून घेतल्याशिवाय पुन्हा बुडवू नका. फक्त वाळलेल्या थरातलं नायट्रेट इथेनॉलमध्ये विरघळतं आणि पहिला थर दुसऱ्यात वाहून जातो. मधल्या भाजण्याला ६०० वर अर्धा तास पुरे; शेवटचं पूर्ण दोन तास. तिसऱ्या थराच्या पुढे मी कोणाला जाऊ देत नाही.

*तपासणी:* नायट्रेट गेलं का? एफटीआयआरमध्ये (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध ओळखणाऱ्या चाचणीत) १३८४ सेमी⁻¹ च्या आसपासचं टोक नाहीसं व्हायला हवं. मशीन मिळत नसेल तर सोबत भाजलेली एक जादा चकती थोड्या कोमट डिस्टिल्ड पाण्यात तासभर ठेवा आणि पाणी तपासणीची नायट्रेट पट्टी बुडवा. पट्टी रंगली तर भट्टी ६०० ला पोचली नव्हती.

रंगावरून लेपाचा अंदाज बांधू नका. ६०० अंशांवर कोरं टायटॅनियमही निळं-जांभळं किंवा करडं होतं. रंग पाहायचा तर सोबत बुडवलेल्या सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर पाहा.

तयार चकत्या डेसिकेटरमध्ये. या काचेतला चुना उघड्या हवेत ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेतो.

## भट्टी अजिबात नको असेल तर: कायटोसानसोबत विद्युत-लेपन

निटिनॉलला, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूला, भट्टीत घातलं की त्याची आकार-स्मृतीची तापमानं सरकतात. मॅग्नेशियम मिश्रधातूंचंही भट्टीशी जमत नाही. तिथे खोलीच्या तापमानाला काचेची भुकटी कायटोसानमध्ये (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थात) बांधून विजेच्या साहाय्याने बसवता येते. मात्र मॅग्नेशियम आम्लधर्मी द्रावणात लगेच झिजू लागतं; पहिला सराव स्टीलवर करा.

१०० मिलीसाठी: २० मिली पाणी आणि १ मिली अ‍ॅसेटिक आम्लात ०.०५ ग्रॅम कायटोसान रात्रभर ढवळा. पूर्ण विरघळल्यावर ७९ मिली इथेनॉल हळूहळू घाला. कायटोसान थेट इथेनॉलमध्ये टाकलं तर गोळे होतात, ते पुन्हा विरघळत नाहीत. शेवटी ०.२ ग्रॅम काचेची भुकटी, अल्ट्रासॉनिकमध्ये ३० मिनिटं.

भुकटी खरोखर बारीक हवी. ४५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून पडली म्हणजे झालं असं नाही. तेवढे कण तळाशी बसतात. अ‍ॅगेटच्या खलात इथेनॉलसोबत घोटा, दहा मिनिटं स्थिर ठेवा, वरचं गढूळ तेवढं घ्या.

चकती ऋण टोकाला जोडा. कायटोसान आम्लात धनभारित असतं, ते ऋण टोकाकडेच जातं. धन टोकाला ग्रॅफाइट किंवा प्लॅटिनम. स्टील लावलं तर त्यातलं लोह-निकेल द्रावणात उतरतं. अंतर १ सेंटिमीटर, १५ ते २० व्होल्ट, दोन मिनिटं.

व्होल्टेज वाढवून वेळ वाचवायला जाऊ नका. ऋण टोकाला हायड्रोजन सुटतो आणि लेपात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. इथेनॉल जास्त ठेवण्याचं कारणही तेच. आणि तयार मिश्रण तासाभरात वापरा; काचेतला कॅल्शियम विरघळत राहतो, पीएच चढतो, सहाच्या पुढे गेला की कायटोसान भांड्यातच साकळतं. काल उरलेल्या मिश्रणात आज लेप बसत नाही अशी तक्रार असेल तर कारण हे.

खोलीत २४ तास वाळवा. हा लेप ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. वाफ कायटोसान बिघडवते आणि काचही खाते. गॅमा किरणं किंवा इथिलिन ऑक्साइड वापरतात.

## टप्पा ८: तपासायचं कसं

आधी पकड. धारदार पात्याने आडव्या-उभ्या रेघांची जाळी, त्यावर चिकटपट्टी, झटका. पट्टीवर पापुद्रे आले तर पुढच्या चाचण्या करण्यात अर्थ नाही. टप्पा १ ला परत जा.

मग कृत्रिम शरीरद्रव, म्हणजे एसबीएफ. ३६.५ °से. वर, पीएच ७.४०. एक लिटरला ७०० मिली पाण्यात याच क्रमाने, आधीचं पूर्ण विरघळल्यावरच पुढचं: सोडियम क्लोराइड ८.०३५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.३५५, पोटॅशियम क्लोराइड ०.२२५, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ट्रायहायड्रेट ०.२३१, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.३११, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३९ मिली, कॅल्शियम क्लोराइड ०.२९२, सोडियम सल्फेट ०.०७२. मग ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) ६.११८ ग्रॅम थोडंथोडं, शेवटी आम्लाने पीएच नेमका करून लिटर पूर्ण. भांडं प्लास्टिकचं. आम्लाच्या आधी कॅल्शियम टाकलंत तर फॉस्फेटसोबत तिथेच साका बसतो. ढगाळ झालेलं एसबीएफ गाळून वापरू नका, ओतून द्या.

ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो. ३६.५ वर जुळवायचा तो २५ वर जुळवला, तर इन्क्युबेटरमध्ये जवळजवळ ०.३ ने खाली गेलेला असतो. मीटरचं बफरही त्याच तापमानाला आणून कॅलिब्रेट करा.

चकतीच्या पृष्ठफळाचे चौरस मिलिमीटर भागिले दहा, तेवढे मिली द्रव घ्या. ८ चौरस सेंटिमीटरला ८० मिली. चकती उभी किंवा लेपाची बाजू खाली. वर तोंड करून ठेवली तर द्रवातून पडलेला साका लेपावर बसतो आणि अ‍ॅपेटाइट म्हणून मिरवतो. बाहेर काढल्यावर हळुवार धुवा. सुकलेल्या मिठाचे चौकोनी स्फटिक एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) फसवतात.

एक्सआरडी (स्फटिक ओळखणारी क्ष-किरण चाचणी) नेहमीच्या मांडणीत घेतलं तर फक्त टायटॅनियम दिसेल, लेप इतका पातळ असतो. मशीनवाल्याला सांगून १ अंशाच्या तिरप्या कोनात घ्या. तांब्याच्या किरणांना अ‍ॅपेटाइटची टोकं २५.९ आणि ३१.८ अंशांच्या जवळ. एफटीआयआरमध्ये ५६० आणि ६०० सेमी⁻¹ जवळची जोडी.

आणि प्रत्येक बरणीसोबत दुसरी बरणी: तीच चकती, तेच पॉलिश, तीच अल्कली, तेच भाजणं, फक्त लेप नाही. सात दिवसांनी दोन्हींवर सारखंच अ‍ॅपेटाइट दिसलं तर श्रेय अल्कलीचं आहे, काचेचं नाही. मग निकाल तसाच लिहा, अल्कलीची पायरी वगळून नव्या चकत्या घ्या, आणि दोन्ही बरण्या पुन्हा लावा.